साहेबाचा शौक कुणाच्या बापाचा?

परवा भोरला अभ्यासवर्ग होता. विषय नेहमीचाच, जातिअंत आणि आजचा तरुण. आठची वेळ दिलेली, पोरं रिवाजाप्रमाणे नऊला जमली. एक पोरगा साडेनऊला उगवला. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. विचारलं तर खरं सांगून मोकळा झाला : रात्री लिव्हरपूलची मॅच होती, संपता संपता दीड वाजला.

झालं. आमच्यातला एक जुना कार्यकर्ता पेटला. "बाप वीटभट्टीवर मरतोय आणि तू गोऱ्यांच्या लाथा बघत रात्र जागवतोस? काळा साहेब झालास काय रे?" पोरं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पोरगा मान खाली घालून बसला, वर्ग संपेपर्यंत अवाक्षर बोलला नाही. पुढच्या वर्गाला आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

तो आला नाही म्हणून हे लिहितो आहे. आणि हसलो त्याची लाज वाटते म्हणूनही.

या पोराचा गुन्हा काय? त्याला लिव्हरपूलचे अकराच्या अकरा खेळाडू तोंडपाठ आहेत. कानात वायर घालून तो इंग्रजी गाणी ऐकतो, शब्द कळले नाहीत तर शोधून काढतो. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं माणसांचे चेहरे काढतो. इंग्रजी सिनेमा खालच्या अक्षरांवर बोट ठेवून बघतो. थोडक्यात, इंग्लंडातला एखादा हौशी माणूस खेळात, गाण्यात, सिनेमात, चित्रात जसा रमतो तसा हा भोरच्या वस्तीत पत्र्याखाली बसून रमतो. बिनपैशाचा शौक. कुणाच्या ताटातलं त्यानं ओढलेलं नाही.

पण या शौकाला दोन्हीकडून जोडे बसतात. पुण्याहून शनिवार-रविवारी येणारा पांढरपेशा रसिक म्हणतो, यांना काय कळतंय त्यातलं! आणि आपला कार्यकर्ता म्हणतो, हे आपलं नव्हे. दोघांची तोंडं दोन दिशांना, पण निकाल एकच. रस घेणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. तुझं काम राबणं. किंवा फार तर लढणं.

मनूनं आपल्याला ज्ञान नाकारलं, शस्त्र नाकारलं, संपत्ती नाकारली, हे आपण भाषणात धडाधड म्हणतो. त्यानं आपल्याला आनंद नाकारला, हे कुणी म्हणत नाही. चांगलं लेणं नको, चांगलं लुगडं नको, गावाला ऐकू जाईल असं हसू नको. हा त्याचाच कायदा होता. आता तोच कायदा आपण क्रांतीच्या नावानं आपल्याच पोरांना लावणार काय?

आता साहेबाच्या खेळाचंच बोलू. तो खेळ या पुणे जिल्ह्यात कुणाच्या घामावर उभा राहिला?

बाळू पालवणकर. जन्म १८७६, जात चांभार, बाप लष्करात. गोरे अधिकारी खेळून टाकून देत त्या सामानावर पुण्यात ही भावंडं खेळायला शिकली. बाळूची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर ओढायचा. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात. पगार महिना चार रुपये. जाळी लावायची, चुना मारायचा आणि साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकायची. कॅप्टन ग्रेग नावाचा साहेब बॅटिंगमध्ये नामी होता. तो बाळूच्या बॉलिंगवर तासन्‌तास घोटून तयार झाला. डाव्या हातानं बाळू टाकत राहिला. शेकडो तास टाकलं, पण बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. बॅट ही साहेबाची चीज. बॉलिंग हे मजुराचं काम.

हे साहेबाचं झालं. आता आपल्या देशबांधवांचं ऐका. गोऱ्यांना हरवायचं तर हा बॉलर लागणार, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला कळलं. बाळूला घेतलं. मैदानावर त्यानं हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालला. चेंडूला विटाळ नसतो. पण चहाची वेळ झाली की बाकीचे दहा जण आत चिनीमातीच्या कपात चहा पीत, आणि बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात. पिऊन झालं की भांडं फेकायचं. जेवायला ताट वेगळं, टेबल वेगळं. हात-तोंड धुवायचं तर मैदानाच्या कडेला, पाणी घालायला अस्पृश्य नोकर.

दोस्तांनो, हे मातीचं भांडं नीट डोळ्यांपुढे ठेवा. त्याच्याशिवाय या देशातल्या एकाही खेळाचा, एकाही कलेचा इतिहास पुरा होत नाही.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजाच्या कप्तानीखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ जिंकला कमी, हरला जास्त. बाळूनं त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. साहेबाच्या देशात, साहेबाच्या पावसात, साहेबाच्या गवतावर. पण मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाची कप्तानी? ती त्याला कधीच मिळाली नाही. नाव दरवर्षी पुढे यायचं आणि दरवर्षी मागे सारलं जायचं. १९२० मध्ये तर बाळूला संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी खेळायला नकार दिला आणि का नाकारतो ते जाहीरपणे सांगितलं. असा बहिष्कार १९२० मध्ये, महाडच्या सात वर्षं आधी! शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाला, आणि त्या वर्षी हिंदू संघानं चषक जिंकला.

या विठ्ठलनं मराठीत आत्मचरित्र लिहिलं आहे, 'माझे क्रीडाजीवन', १९४८ चं. 'बलुतं' १९७८ चं. म्हणजे तीस वर्षं आधी. आपल्या कुठल्या शिबिरात, कुठल्या यादीत तुम्ही या पुस्तकाचं नाव ऐकलं? साहेबाच्या खेळावरचं म्हणून ते आपल्यात मोजायचं राहून गेलं. नुकसान कुणाचं झालं?

मला ठाऊक आहे, इथं कुणीतरी उठून विचारणार : बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला होता त्याचं काय? होय, राहिला होता. १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला मुंबईत बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. बाळू पडला, ते बरंच झालं. पण काँग्रेसनं त्याला का उचललं ते बघा. हिंदू क्लबानं गोऱ्यांना पाडायला त्याला घेतलं, काँग्रेसनं आपल्याच नेत्याला पाडायला. दोन्ही ठिकाणी त्याच्या हातात चेंडू दिला, कप्तानी ठेवली स्वतःकडे. त्याच्या राजकारणाशी आपला झगडा आहे. तो असावा. पण त्याची ती डाव्या हाताची बॉलिंग काँग्रेसला आंदण देऊन टाकायची आपल्याला काय गरज?

कप्तानीचं हे दुखणं फक्त आपलं नाही. वेस्ट इंडीजच्या संघात काळे खेळाडू रग्गड होते, तरी पूर्ण मालिकेचा कप्तान गोराच. त्रिनिदादचा सी. एल. आर. जेम्स. पक्का मार्क्सवादी आणि क्रिकेटवेडा. त्यानं वर्तमानपत्रातून हा प्रश्न लावून धरला, आणि १९६० मध्ये फ्रँक वॉरेल कप्तान झाला. जेम्सनं 'बियॉन्ड अ बाउंडरी' लिहिलं ते १९६३ मध्ये. त्याला कुणी काळा साहेब म्हणालं नसेल असं नाही. त्यानं ना क्रिकेट सोडलं, ना मार्क्स.

आणि खुद्द इंग्लंड म्हणजे तरी सगळे साहेबच काय? ज्या फुटबॉलवरून आमच्या पोरानं शिव्या खाल्ल्या, तो खेळ बड्यांच्या निवासी शाळांनी नियमात बसवला, आपल्या मालकीचा मानला. १८८३ मध्ये एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या गिरणगावातल्या संघानं ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना दोन-एकनं लोळवलं. त्यानंतर खानदानी शाळांतला एकही संघ तो कप जिंकला नाही. गिरणीवाल्यांनी साहेबाचा खेळ जाळला नाही. हिसकावला.

गाण्याचंही तेच. इंग्रजी रॉक म्हणून जे पोरं ऐकतात त्याचं मूळ अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या नातवंडांच्या गळ्यात आहे. रोलिंग स्टोन्स हे नावसुद्धा मडी वॉटर्सच्या गाण्यावरून उचललेलं. एरिक क्लॅप्टन नावाचा मोठा गिटारवाला. १९७४ मध्ये त्यानं बॉब मार्लीचं गाणं गाऊन नाव आणि पैसा कमावला, आणि १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून परक्या रंगाच्या लोकांना देशाबाहेर काढा म्हणून गरळ ओकला. गाणं चालतं, गाणारा चालत नाही! ओळखीचं वाटतं ना? मातीचं भांडं तिथंही आहे. पण तिथल्या पोरांनी गाणं ऐकणं बंद केलं नाही. त्याच वर्षी त्यांनी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभं केलं आणि १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात हजारोंची जत्रा भरवून काळे-गोरे एका मंचावर वाजवले. ऐकणारे चळवळ झाले ते ऐकत ऐकतच.

आता आपल्या घरात या. 'काळा साहेब' ही शिवी ज्यानं दिली त्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. फोटोत बाबासाहेबांच्या अंगावर काय आहे? सूट, टाय, खिशाला फाउंटन पेन. लंडनमध्ये अर्धपोटी शिकलेला हा माणूस पुस्तकांसाठी घर बांधतो, कुत्री पाळतो, उतारवयात व्हायोलिन शिकायला बसतो. राज्यघटना आहे, हिंदू कोड बिल आहे, मधुमेह आहे, आणि व्हायोलिनही आहे! त्यांना कुणी विचारलं असतं, समाज उपाशी असताना हे काय चाललंय? तर काय उत्तर मिळालं असतं ते मी सांगू शकत नाही. पण विचारणाऱ्याची धडगत नव्हती एवढं नक्की. गांधींनी कपडे उतरवले, त्यांना उतरवायला होते. आमच्या बापजाद्यांना चालीरीतीनं उघडं ठेवलं होतं. बाबासाहेबांनी कोट चढवला ती साहेबाची नक्कल नव्हती. 'हे तुझ्यासाठी नाही' असं जे जे म्हटलं होतं, ते ते त्यांनी अंगावर घालून दाखवलं.

म्हणून साहेब आपला तारणहार होता असंही कुणी समजू नये. छावणीनं आपल्याला शाळा दाखवली, बॅट दाखवली, बँड दाखवला, हे खरं. पण त्याच साहेबानं १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लष्करभरतीची दारं महारांच्या तोंडावर बंद केली. भाटघरच्या धरणाला गव्हर्नर लॉईडचं नाव दिलं. १९२८ मध्ये ते पुरं झालं आणि पाणी कालव्यांनी खाली गेलं, बारामतीकडे, फलटणकडे. पाणी भोरच्या उशाला, ओलीत खालच्या उसाला. खेळाचं, कलेचं पाणीही असंच वाहतं. बांधाला माती आपण टाकायची, पाटावर हक्क दुसऱ्याचा.

वाद्यांचंच घ्या. लग्नाच्या वरातीत वाजतो तो क्लॅरिनेट, ते कॉर्नेट, तो मोठा ढोल, सगळं गोऱ्या पलटणीच्या बँडमधून आलं. फुंकतो कोण? आमचा मांग भाऊ. मांडवात नवरा-नवरी त्याच्या सुरावर चढतात आणि तो मांडवाच्या बाहेर उभा. जेवायची पंगत उठल्यावर त्याची पाळी. आपण येसकरकी सोडली, गावकीची वाद्यं खाली ठेवली, ते बरोबरच केलं. ती कला नव्हती, सक्ती होती. पण पेटीसुद्धा युरोपातनंच आली होती ना? ती पुढ्यात घेऊन आपल्या गायन पार्ट्यांनी गावोगाव बाबासाहेब पोचवले. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी कुठल्या अकादमीत विचारायला जाऊन गाणी केली नाहीत. वाद्य कुठल्या देशातलं यावर काही ठरत नाही. ते कुणाच्या हुकमानं वाजतं यावर ठरतं.

आणि सिनेमा. भोरचा राजवाडा हिंदी-मराठी सिनेमावाल्यांना चांगला ठाऊक आहे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पंतसचिव गेले, पण शूटिंग लागलं की वाड्याला पुन्हा राजा मिळतो आणि राजाला रयत लागते. रयत म्हणून मीही एकदा उभा राहिलोय. सकाळी सहाला बोलावलं, दुसऱ्याच्या घामाचं धोतर नेसवलं, डोक्याला पागोटं बांधलं. उन्हात चार तास. एक सायब हातातल्या भोंग्यातनं ओरडत होता, "ए काळ्या, मागं सर, फ्रेममध्ये येतोस!" सिनेमात उभं करायचं आणि फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही, ही किमया मी त्या दिवशी शिकलो. मजुरी मिळाली. पुढे सिनेमा पाहिला, तीनदा पाहिला. मी कुठंच नाही.

म्हणून सिनेमा सोडायचा काय? नागराज मंजुळेनं तो सोडला नाही. कॅमेरा आपल्या हातात घेतला आणि 'फँड्री' (२०१३) केला. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, इंग्लंडमध्ये केन लोचनं 'केस' नावाचा सिनेमा केला होता. खाणीच्या गावातला गरीब पोरगा, शाळेत मार खाणारा, आणि त्यानं जीव लावून पाळलेला ससाणा. आपला जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ धावतो, तो तिकडला बिली ससाण्यामागे. दोन्ही पोरांना हसणारं जग सारखंच. फरक एवढाच की बिली उद्या खाणीतून सुटला तर सुटला. जब्या कुठं जाईल तिथं त्याचं आडनाव आधी पोचतं. हे दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ दाखवा वस्तीत, आणि मग बोला वर्गाबिर्गावर. जात आणि वर्ग यांतला फरक सांगायला मला चार व्याख्यानं लागतात.

वेल्ह्याकडे बघा. २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. शनिवारी पहाटे गुंजवण्यात आणि वेल्ह्यात गाड्यांची रांग लागते, राजगड-तोरणा चढायला. डोंगर मौजेसाठी चढायचा, हाही साहेबाकडूनच आलेला शौक. या गडांचा घेरा राखायला महार होते, रामोशी होते, कोळी होते. रात्र-रात्र जागले ते. त्यांचं चढणं ही हौस नव्हती, चाकरी होती. आज त्यांची नातवंडं पायथ्याला पिठलं-भाकरी विकतात, पाहुण्यांच्या पिशव्या वाहतात. माझं म्हणणं एवढंच : एका रविवारी पिशवी खाली ठेवा आणि मौजेसाठी गड चढा. वर बसून वारा खा. कुणी विचारलं, कुणाबरोबर आलास, तर सांगा, माझ्या आज्यानं राखलेला गड बघायला आलोय.

आमचा जुना कार्यकर्ता सगळाच चुकला असं नाही. आनंदाची अफू करणारे टपलेलेच आहेत. मोबाईलवर संघ लावून पैसे उडवणारी पोरं मी पाहिलीत, ते पैशाचे खेळ बंद करायला २०२५ मध्ये कायदा करावा लागला. गावोगाव टेनिसबॉलच्या स्पर्धा भरतात, बक्षिसावर पुढाऱ्याचा फोटो असतो, आणि निवडणुकीत त्याची वसुली होते. जयंतीचा डीजे कोण देतं आणि का देतं, हेही आपल्याला कळतं. तेव्हा नुसता डोळे फाडून बघणारा होऊ नकोस, हे पोराला सांगायलाच हवं. पण ते सांगायला तो वर्गात यायला हवा. टोमणे मारून हाकलल्यावर कुणाला सांगणार?

आणि त्याला असं विचारायला हवं : तुझ्या गावच्या टीममध्ये आपल्या वस्तीतला बॉलर चालतो. कॅप्टन चालतो का? मॅच जिंकल्यावर जेवण ज्याच्या घरी होतं, त्याच्या स्वयंपाकघराच्या किती जवळ तुला बसवतात? तू काढलेले चेहरे भिंतीवर लावायला भोरमध्ये भिंत कुठं आहे? तुझ्या वस्तीतल्या पोरींना मैदानावर पाय ठेवायला तू तरी देतोस का? हे प्रश्न त्याला सुचतील, कारण त्याला खेळ कळतो. ज्याला खेळाचा रसच नाही त्याला कप्तानी नाकारल्याचं दुःख कसं कळणार?

साहेबाचा शौक साहेबाच्या बापाचा नाही. पुण्याच्या रसिकाच्या बापाचा नाही. रोलर ओढणाऱ्याचा, बँड फुंकणाऱ्याचा, उन्हात रयत होऊन उभं राहणाऱ्याचा तो आहे. आपला हिस्सा मागायला लाजू नका. आणि घेतलाच तर मातीच्या भांड्यात घेऊ नका.

काल त्या पोराच्या घरी गेलो. बाहेर ओट्यावर बसून कुणाचा तरी चेहरा काढत होता. माफी मागायला गेलो होतो, जमलं नाही. म्हटलं, पुढची मॅच कधी आहे? तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, शनिवारी. पण उशिरा आहे, तुम्हाला जागरण होईल.

म्हटलं, होऊ दे. अभ्यासवर्ग त्या रात्री तुझ्याच घरी घेऊ.